दवाखान्याचे दार आणि डॉक्टरचा हात

आपल्या चळवळीच्या इतिहासात पाण्याला जे स्थान मिळाले ते औषधाला मिळाले नाही. चवदार तळे आपल्या पोरासोरांनाही तोंडपाठ आहे. १९ आणि २० मार्च १९२७ हे दिवस आपण सणासारखे पाळतो, आणि ते योग्यच आहे. परंतु महाडचा सत्याग्रह ज्या ठरावाच्या आधारावर उभा राहिला, तो ठराव आपण शेवटच्या शब्दापर्यंत वाचत नाही.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव संमत झाला. सरकारी पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, कोर्टे, कचेऱ्या अस्पृश्यांना वापरू द्याव्यात, असे त्यात म्हटले होते. आणि ह्या यादीच्या अगदी शेवटी एक शब्द होता: दवाखाने. महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत तळे खुले केल्याचा ठराव केला, तो ह्याच ठरावाला अनुसरून. पुढे तळ्याचे काय झाले हे सर्वांना ठाऊक आहे. दवाखान्याचे काय झाले, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही.

ह्यात चळवळीला दोष देण्याचा माझा हेतू नाही. तळ्यावर चालून जाता येते. देवळाच्या दारात बसता येते. १९३० साली नाशिकला काळारामाच्या दारात आपली माणसे बसलीच. आजारी माणूस मात्र मोर्चा काढू शकत नाही, आणि आजारी मुलाच्या बापाला त्या घटकेला मोर्चा सुचत नाही. त्याला डॉक्टर हवा असतो, तोही आत्ता. म्हणूनच दवाखान्याच्या दारातली अस्पृश्यता ही एकेकट्या माणसाने, रात्रीबेरात्री, कुणी साक्षीदार नसताना सोसलेली अस्पृश्यता आहे. तिचा इतिहास सभांच्या वृत्तांतात सापडत नाही. तो कुणाच्या तरी पत्रात सापडतो.

असे एक पत्र बाबासाहेबांनी जपून ठेवले. त्यांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ ह्या लहानशा आत्मनिवेदनात ते आहे. हे लेखन त्यांच्या हयातीत छापले गेले नाही. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ते १९९० साली पुस्तिकारूपाने काढले आणि नंतर शासनाच्या ग्रंथमालेच्या बाराव्या खंडात ते आले. पत्र मूळचे १२ डिसेंबर १९२९ च्या ‘यंग इंडिया’तले. गांधीजींशी आपले कितीही मतभेद असोत, हे पत्र त्यांच्या पत्रात छापले गेले म्हणून उरले, एवढे मान्य केले पाहिजे.

पत्र लिहिणारा काठियावाडातील एक अस्पृश्य शाळामास्तर आहे. महिन्याच्या पाच तारखेला त्याच्या घरी मूल जन्मले. सात तारखेला बायको आजारी पडली. जुलाब झाले, छाती भरली, श्वास लागू लागला, बरगड्यांत कळा येऊ लागल्या. मास्तर डॉक्टरकडे धावला. डॉक्टरने सांगितले, मी तुमच्या वस्तीत येणार नाही, आणि मुलालाही तपासणार नाही. मास्तर नगरशेठकडे गेला, गरासिया दरबाराकडे गेला, पदर पसरला. नगरशेठ दोन रुपये फीला जामीन राहिला, तेव्हा डॉक्टर यायला कबूल झाला. पण अट अशी की, तपासणी वस्तीबाहेर होईल. दोन दिवसांची बाळंतीण आणि तिचे तान्हे मूल मास्तरने वस्तीबाहेर आणले. डॉक्टरने थर्मामीटर एका मुसलमान गृहस्थाच्या हाती दिला, त्याने तो मास्तरच्या हाती दिला, मास्तरने बायकोला लावला, आणि ज्या वाटेने तो आला त्याच वाटेने परत गेला. रात्रीचे आठ वाजले होते. दिव्याच्या उजेडात पारा पाहून डॉक्टरने सांगितले, न्यूमोनिया आहे. तो निघून गेला आणि त्याने औषध पाठवले. मास्तरने बाजारातून जवस आणून वापरले. पुन्हा बोलावले तर डॉक्टर आला नाही, फी हातावर ठेवूनही आला नाही. ती बाई दुपारी दोन वाजता गेली.

ह्या पत्रावर आपल्याकडे जे थोडेफार बोलले गेले, ते त्या बाईच्या मृत्यूविषयी बोलले गेले. त्यात गैर काही नाही. परंतु मी ते पत्र जितक्यांदा वाचतो, तितक्यांदा माझे लक्ष दुसरीकडे जाते. डॉक्टरने दोन नकार दिले होते. पहिला वस्तीत येण्याचा. तो आपण समजू शकतो, म्हणजे त्याचे धर्मशास्त्र आपल्याला पाठ आहे. दुसरा नकार दोन दिवसांच्या मुलाला तपासण्याचा होता. ज्या जिवाला अजून नावही ठेवलेले नाही, त्यालाही तो तपासणार नव्हता. पुढे आईला वस्तीबाहेर आणले तेव्हा मूलही बरोबर होते. थर्मामीटर आईपर्यंत चार हात फिरून पोचला. मुलापर्यंत काही पोचल्याचा उल्लेख पत्रात नाही. आई गेल्यावर त्या मुलाचे काय झाले, तेही पत्रात नाही.

आणखी एक गोष्ट. बाबासाहेब नमूद करतात की, मास्तरचे नाव छापले नाही आणि डॉक्टरचेही छापले नाही. तशी विनंती मास्तरनेच केली होती, कारण त्याला सूड उगवला जाण्याची भीती होती. ज्याची बायको गेली त्यालाच, ज्याच्यामुळे गेली त्याचे नाव झाकावे लागले.

बाबासाहेबांनी हे पत्र का निवडले असावे, ह्याचा मी पुष्कळ विचार केला आहे. त्यांनी स्वतः चार मुले गमावली होती: गंगाधर, रमेश, इंदू आणि शेवटचा राजरत्न. राजरत्न १९२६ च्या जुलैत गेला. पुढच्याच महिन्यात त्यांनी दत्तोबा पवारांना जे पत्र लिहिले, ते वाचताना हा माणूस पुन्हा उभा कसा राहिला असेल, असा प्रश्न पडतो. दोन वर्षांनी, १९२८ च्या जुलैत, मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायांना बाळंतपणाची रजा देणारे बिल आले, तेव्हा ते त्याच्या बाजूने बोलले. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असा त्यांचा मुद्दा होता. १९२९ साली तो कायदा झाला. चरित्रकार हे कामगारकल्याणाच्या प्रकरणात घालतात. चार मुले पुरलेला बाप ते बोलत होता, हे मात्र ते वेगळ्या प्रकरणात सांगतात.

काठियावाडच्या ह्या डॉक्टरासमोर मला नेहमी एक दुसरे चित्र आठवते आणि ते बत्तीस वर्षे आधीचे आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. यशवंत फुले ह्या डॉक्टर मुलाने हडपसरजवळ सासाणे मळ्यात दवाखाना काढला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील पांडुरंग बाबाजी गायकवाड हा मुलगा प्लेगने आजारी आहे असे कळताच सावित्रीबाई गेल्या आणि त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आल्या. मुलगा वाचला. सावित्रीबाईंना प्लेगने धरले आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यागाची गोष्ट म्हणून आपण ही सांगतो. मला त्यातला वेळ महत्त्वाचा वाटतो. त्यांनी कुणाला निरोप पाठवला नाही, गाडीची वाट पाहिली नाही, जामीन मागितला नाही. पाठीवर घेतले आणि निघाल्या. वैद्यक म्हणजे पुष्कळदा एवढेच असते.

आता माझे सांगतो. सांगायचे नव्हते, पण त्याशिवाय पुढचा मुद्दा स्पष्ट होणार नाही.

तो काठियावाडचा मास्तर होता, मीही मास्तरच. १९८६ साली मी मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी प्राथमिक शाळेत होतो. श्रावणात माझी पहिली मुलगी घरीच जन्मली. माझी आई सुईणपण करीत असे. गावातल्या वरच्या आळीतली कितीतरी पोरे तिच्याच हातांत जन्मली होती. नाळ कापायला तिचा हात चाले, बाराव्या दिवशी पाळण्याला तो चालत नसे. ही रीत तिला इतकी अंगवळणी पडली होती की, तिला त्यात विशेष काही वाटत नसे. मला वाटे, आणि आमचे त्यावरून भांडण होई.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आईने पोरीला दाराशी उजेडात नेले, तळपाय हातात धरला, अंगठा दाबून सोडला आणि मला हाक मारली. “आरं, पोरीचं तळपाय बघ. हळद लागल्यावानी झालंय. सकाळीच दवाखान्यात न्ये.”

सकाळी नऊला मी रांगेत होतो. खिडकीवर केसपेपर काढला. नाव, वय तीन दिवस, पत्ता भीमनगर. अकरा वाजून वीस मिनिटांनी नंबर लागला. आमच्या आधी दोन बाळे होती. डॉक्टरांनी ती टेबलावर घेतली, छातीला नळी लावली, एकाची जीभ पाहिली. आमचा पेपर त्यांनी वाचला आणि मान वर करून मला विचारले, काय होतंय? मी म्हणालो, साहेब, पोर पिवळी पडली आहे. मुलगी माझ्या हातात दुपट्यात गुंडाळलेली होती. मी दुपटे सोडू लागलो. “राहू द्या. सगळ्यांनाच होते. सकाळी उन्हात धरत जा.” पेपरवर दोन शब्द लिहून त्यांनी पुढचा नंबर पुकारला.

श्रावण होता. चार दिवस सूर्य दिसला नव्हता.

उन्हाचा सल्ला अगदीच खोटा नाही. इंग्लंडमधल्या एका इस्पितळात एका परिचारिकेच्या ध्यानात आले की, उन्हात ठेवलेल्या बाळांची कावीळ उतरते. त्यावरून तेथील डॉक्टरांनी प्रयोग केले आणि १९५८ साली ते प्रसिद्ध झाले. आज इस्पितळांतून निळ्या दिव्याखाली बाळे ठेवतात ती पद्धत तेथून आली. पण कोणाला दिवा पुरेल आणि कोणाचे रक्त बदलावे लागेल, हे ठरवण्यासाठी आधी कावीळ किती खोल गेली ते पाहावे लागते. ती चेहऱ्याकडून पायाकडे उतरत जाते. तळपायापर्यंत आली म्हणजे पुष्कळ वाढली. आणि सावळ्या कातडीवर ती नुसती बघून कळत नाही. बोटाने कातडी दाबायची, बोट उचलायचे आणि क्षणभर जो रंग दिसतो तो पाहायचा. माझ्या निरक्षर आईने तेच केले होते. म्हणजे ह्या रोगात पहिली तपासणी यंत्राची नसते. बोटाची असते.

घरी आलो तर आईने एकच प्रश्न विचारला. “त्यानं हात तरी लावला का पोरीला?”

मी म्हणालो, डॉक्टर शिकलेला माणूस आहे, तुझ्यापेक्षा त्याला जास्त कळते. हे वाक्य मी बोललो. आई काही बोलली नाही, पण त्या रात्री ती निजली नाही. दुसऱ्या दिवशी मुलगी दूध ओढीनाशी झाली. संध्याकाळी सहाला पुन्हा दवाखाना गाठला. डॉक्टर गेले होते. सिस्टरने दुरूनच पाहून सांगितले, साहेबांनी काल बघितलेय ना, उद्या सकाळी या. रात्री मुलीचे रडणे बदलले, बारीक किंचाळल्यासारखे झाले, आणि ती मान मागे टाकून कमानीसारखी ताणू लागली. पहाटेच्या एस.टी.ने आम्ही जिल्ह्याला निघालो. सकाळी दहाला तिथल्या डॉक्टरांनी दुपटे सोडले, कपाळ, छाती, पोट, तळपाय असे एकेक बोट दाबत खाली आले आणि मला न बघताच विचारले, “कधीपासून?” आईचा आणि मुलीचा रक्तगट जुळत नव्हता. रक्त बदलले. मुलगी जगली. तिला ऐकू येत नाही, हे आम्हाला वर्षाने कळले.

शाळेतले एक सहकारी, भला माणूस, मला म्हणाले होते, गुरुजी, सगळ्याच गोष्टीत जात आणू नका, सरकारी दवाखाने असेच असतात. शक्य आहे. त्या डॉक्टरने मला जात विचारली नाही. हाकलले नाही. अपशब्द काढला नाही. मी अनेक वर्षे त्याच्या बाजूने युक्तिवाद करून पाहिला आहे: रांग मोठी होती, तो थकला असेल, त्याला रोग ओळखता आला नसेल. पण आधीच्या दोन बाळांना त्याने टेबलावर घेतले होते, आणि तेव्हाही रांग तेवढीच होती. पत्ता पेपरवर लिहिलेला होता.

ओळखीच्या एका वकिलांकडे मी गेलो होतो. त्यांनी कायदा समजावून सांगितला तो येथे नोंदवण्यासारखा आहे. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, ज्याला १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात, त्याचे कलम ५ रुग्णालये व दवाखाने यांविषयीच आहे. बोल्यांच्या ठरावातला शेवटचा शब्द बत्तीस वर्षांनी असा कायद्यात आला. अस्पृश्यतेच्या कारणाने प्रवेश नाकारणे हा गुन्हा. प्रवेश दिल्यावर भेदभाव करणारी कृती करणे हाही गुन्हा. इतकेच नव्हे, तर कलम १२ प्रमाणे अनुसूचित जातीच्या माणसाबाबत अशी कृती घडली, तर ती अस्पृश्यतेमुळेच घडली असे कोर्ट उलट सिद्ध होईपर्यंत धरून चालते. मला वाटले, मग अडचण कुठे आहे? वकील म्हणाले, अडचण आधीच्या पायरीवर आहे. तुम्हाला प्रवेश मिळाला. पेपर निघाला. सल्ला मिळाला. त्याने काय केले ते सांगा. मी म्हणालो, त्याने बोट लावले नाही. ते म्हणाले, हे त्याने न केलेले झाले. न केलेली गोष्ट ही कृती आहे असे मी कोर्टाला कसे पटवू?

ह्या संभाषणाने माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसली. काठियावाडच्या मास्तरला नकार मिळाला होता. त्या नकाराला शब्द होते, अट होती, वस्तीची शीव होती, थर्मामीटरची वाट होती. तो नकार कायद्याने पकडता येण्याजोगा होता, फक्त तेव्हा कायदा नव्हता. कायदा आला तेव्हा नकाराने रूप पालटले. तो उशीर झाला. उशिराला ना शब्द असतो ना साक्षीदार. उद्या या, उन्हात धरा, साहेबांनी बघितलेय. ह्यातले एकही वाक्य गुन्हा नाही. तीन दिवसांच्या जिवाला मात्र नकार आणि उशीर यांत फरक करता येत नाही.

सेरीन थॅडियस आणि डेबोरा मेन ह्या दोन अभ्यासक बायांनी १९९४ साली बाळंतिणींच्या मृत्यूंविषयी लिहिताना तीन उशीर मोजले होते: दवाखान्यात जायचे ठरवण्यात झालेला उशीर, तेथे पोचण्यात झालेला उशीर, आणि पोचल्यानंतर योग्य उपचार मिळण्यात झालेला उशीर. आपल्या वस्त्यांविषयी जे सरकारी बोलणे चालते ते पहिल्या दोहोंविषयी चालते. लोक अडाणी आहेत, अंगारे धुपारे करतात; रस्ते नाहीत, गाडी नाही. तिसऱ्या उशिराविषयी बोलायचे तर टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीविषयी बोलावे लागते. माझ्या घरी पहिला उशीर एका रात्रीचाही नव्हता. निरक्षर सुईणीने तो होऊ दिला नाही.

हे माझ्या एकट्याचे दुःख असते तर ह्या पानांत आणले नसते. एकविसाव्या शतकाच्या आरंभी अकरा राज्यांतल्या ५६५ गावांची पाहणी झाली आणि २००६ साली ती ग्रंथरूपाने आली. तिच्यात सुमारे एक तृतीयांश गावांत आरोग्य कर्मचारी दलितांच्या घरी जात नसल्याचे आढळले. २०१० साली संघमित्रा आचार्य यांनी गुजरात आणि राजस्थानातल्या दलित मुलांना दवाखान्यात मिळणाऱ्या वागणुकीचा अभ्यास मांडला. त्यांनी काय मोजले पाहा: डॉक्टर स्पर्श करतो काय, किती वेळ देतो, औषध हातात देतो की लांबून ठेवतो. म्हणजे ऐंशी वर्षांनी, त्याच गुजरातेत, त्या थर्मामीटरची वाट पुन्हा मोजावी लागली. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत अनुसूचित जातींतील अर्भकमृत्यूचे प्रमाण हजारी ४५ होते, आणि अनुसूचित जाती-जमाती व इतर मागासवर्ग वगळून उरलेल्यांत ३२. ह्या अंतराला गरिबी, उपासमार, पाणी अशी पुष्कळ कारणे आहेत, हे मी नाकारीत नाही. बेबी कांबळ्यांनी ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातल्या उपाशी बाळंतिणींची जी दैना सांगितली आहे, ती वाचलेल्याला हे वेगळे सांगायला नको. पण त्या तेरा बाळांत काही अशीही असतील, जी दवाखान्यात वेळेवर पोचली होती.

२०१५ साली अत्याचार प्रतिबंधक कायद्यात दुरुस्ती झाली आणि रुग्णालय, दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र यांत प्रवेश करण्यास अडथळा आणणे हा त्या कठोर कायद्याखालीही गुन्हा ठरला. पुन्हा शब्द ‘प्रवेश’ हाच आहे.

माझी आई आता नाही. मुलगी आज स्वतः दोन मुलांची आई आहे आणि खुणांच्या भाषेत माझ्याशी वाद घालते. तिचा तो केसपेपर मी जपून ठेवला आहे. त्यावर नाव आहे, पत्ता आहे, तारीख आहे, डॉक्टरांच्या हातचे दोन शब्द आहेत. वेळ कुठेच नाही. काठियावाडच्या मास्तरने रात्रीचे आठ आणि दुपारचे दोन लिहून ठेवले होते. त्याचे पत्र वाचल्यावर मी तो पेपर काढला आणि त्याच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिले: गुरुवार सकाळी नऊ, अकरा वीस, शुक्रवार संध्याकाळी सहा, शनिवार सकाळी दहा.